वेताळ शनिवारी का अडतो?

शिरोड्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी साडेनऊला, पहिलं गिऱ्हाईक सातबारा घेऊन यायच्या आत, तात्या हजर होतात. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. काउंटरची फळी उचलून आत येतात, कॉम्प्युटरपुढचं स्टूल ओढतात आणि एकच शब्द बोलतात, "लाव." मी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आज आलेली वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'ची, चित्रपट्टी पडद्यावर लावतो. दोन-तीन चौकटी. वाचायला अर्धं मिनिट. मग चहा येईपर्यंत, कधी आलेला चहा गार होईपर्यंत, त्यावर गजाली.

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी तात्या पट्टी बघून भडकले. "काल ह्यांच दाखवल्यान मां? आज परत तांच! आमका खुळे समाजता काय तो?"

बाकावर पेपर वाचत बसलेले गुरुजी मान वर न करता म्हणाले, "तात्या, पहिली चौकट कालचीच असते."

"असता म्हणजे? वेंगुर्ल्याक सुटलेली गाडी मी आरवलीसून परत मागे आणली असती तर पॅसेंजरांनी माका सोडलो असतो?"

तात्यांची तक्रार रास्त होती आणि गुरुजींचं म्हणणंही खरं होतं. गेली दोन-तीन वर्षं आमच्या दुकानात रोज जी वादावादी चालते, तिच्यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं गोष्टीत शोधून मिळत नाहीत. ती वर्तमानपत्राच्या धंद्यात आहेत. पट्टी कोण काढतं, कोण विकतं, छापणारा तिला कसा कापतो, हे एकदा कळलं की वेताळ असा का वागतो तेही कळतं. ते जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी एक कबुली. वेताळ ही मुळात पट्टी आहे हे आमच्या पिढीला ठाऊकच नव्हतं. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ते १९९० पर्यंत चाललं आणि मराठीसकट अनेक भाषांत निघालं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी ट्रंकेतून ते घेऊन यायचे. माझ्या हाती पडायची ती सातव्या-आठव्या हाताची प्रत. कव्हर गेलेलं, कधी शेवटचं पानही गेलेलं. पडवीत पालथं पडून एका दमात गोष्ट संपवायची, आणि शेवटचं पान नसेल तर शेवट काय झाला असेल यावर चुलतभावांशी हाणामारी. मला वाटायचं, ही गोष्ट अशीच, अख्खी पुस्तकासारखी, कुणीतरी बसून काढली असणार.

प्रत्यक्षात ली फॉक या अमेरिकन लेखकाने वेताळाला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात आणलं, ते रोज एक पट्टी या बोलीवर. त्याच्या दोन वर्षं आधी याच माणसाने जादूगार मँड्रेक सुरू केला होता. दिवसाला दोन-तीन चौकटी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला पंधरा-सोळा चौकटी. या हिशेबाने एक गोष्ट संपायला तीन-चार महिने सहज लागतात. मी पडवीत अर्ध्या तासात जे गिळत होतो, ते अमेरिकेतल्या माणसाने नाश्त्याच्या टेबलावर कितीतरी आठवडे घोट-घोट घेतलेलं होतं.

इंद्रजालवाल्यांनी काय केलं, तर पट्ट्यांच्या चौकटी सुट्या केल्या, गाळायच्या त्या गाळल्या आणि उरलेल्या पुस्तकाच्या पानावर बसवल्या. नावंही बदलली. फॉकने सुरुवातीला आपला काल्पनिक देश बंगालच्या वळणावर रचला होता आणि त्यातल्या समुद्री चाच्यांचं नाव होतं 'सिंग'. भारतीय वाचकाला हे खटकलं असतं, म्हणून इथे देशाचा 'डेंकाली' झाला आणि चाच्यांचे 'सिंगा'. आमच्याकडे त्या अंकांची पारायणं झाली, पण यात कुणी हात घातलाय असा संशय कुणालाच आला नाही.

आता तात्यांची पहिली चौकट. वर्तमानपत्र रोज घेतलं जाईलच याची खात्री नसते. कुणी एक दिवस गावाला जातो, कुणाच्या दारातला पेपर पावसात भिजतो. त्यामुळे पट्टीचा लेखक असं धरून चालतो की आजच्या वाचकाने काल काही वाचलेलं नाही. मग पहिल्या चौकटीत कालची आठवण करून द्यायची, मधल्या चौकटीत गोष्ट पावलभर पुढे न्यायची आणि शेवटच्या चौकटीत असं काही ठेवायचं की माणूस उद्या परत येईल. तीन चौकटींत ही तीन कामं. म्हणजे एका दिवसात नवा मजकूर खरंतर एक-दीड चौकटीचाच. तात्यांना मी सांगितलं, "दर थांब्याला कंडक्टर ओरडतो ना, हा आरवली, हा आरवली? आत बसलेल्याला माहीत असतं. नवीन चढलेल्याला कळावं म्हणून ओरडायचं." हे त्यांना पटलं. म्हणजे गप्प तरी झाले.

याच कारणाने शनिवारची पट्टी जास्त जोरात ताणलेली असते. शनिवारनंतर मध्ये रविवार येतो, आणि रविवारी वेताळाची वेगळीच गोष्ट चालू असते. सोमवार ते शनिवार एक गोष्ट, दर रविवारी दुसरी. रविवारची पट्टी १९३९ साली सुरू झाली, मोठी आणि रंगीत, आणि तेव्हापासून दोन्ही गोष्टी शेजारशेजारच्या रुळांवर चालल्या आहेत. तात्यांचा पहिला महिना याच घोळात गेला. शनिवारी वेताळ जंगलात, रविवारी भलत्याच जागी, सोमवारी पुन्हा जंगलात. "ह्येका काय हेलिकॉप्टर असा?"

या दोन रुळांमागे पैशाचं गणित आहे. ही पट्टी चित्रकार थेट वर्तमानपत्राला विकत नाही. मध्ये सिंडिकेट असतं. आमच्याकडे मासळीचा जसा घाऊक व्यापारी, तसं. चित्रकार एकदाच काढतो, सिंडिकेट तीच पट्टी एकाच दिवशी शेकडो वर्तमानपत्रांना देतं. मोठ्या खपाचा पेपर जास्त मोजतो, तालुक्याचा पेपर थोडकं देतो. वेताळ, मँड्रेक, पॉपाय ही मंडळी ज्या किंग फीचर्स सिंडिकेटकडे आहेत, ते वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांनी १९१५ साली उभं केलं. आता गिऱ्हाइकांमध्ये कुणी फक्त रोजची पट्टी घेतो, कुणी फक्त रविवारची. गोष्ट सातही दिवस सलग चालवली तर दोघांच्याही वाचकाला भगदाडं दिसणार. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. काही पट्ट्या सलग चालतात, पण त्यांत रविवारी महत्त्वाचं काही घडू द्यायचं नाही, आठवड्याभरात झालं तेच जरा सजवून सांगायचं, असा तोडगा काढतात. त्या वाचताना रविवारी गोष्ट पेंगुळल्यासारखी वाटते. लेखकाची डुलकी समजू नका, तसं मुद्दाम केलेलं असतं.

रविवारच्या पानाची आणखी एक गंमत गुरुजींनी शोधली. एका विनोदी पट्टीत वरच्या ओळीतला छोटा विनोद खालच्या गोष्टीपासून अगदी तुटलेला. गुरुजी म्हणाले, चित्रकाराला विषयाचं भान नाही. मला आधी तसंच वाटलं. पण ते मापाचं काम आहे. एकच रविवारची पट्टी कुणी अर्ध्या पानावर छापतो, कुणी पानाच्या तिसऱ्या हिश्शात कोंबतो. ज्याला जागा कमी, तो वरची ओळ सरळ उडवतो. म्हणून चित्रकार वरच्या ओळीत असं काही घालतो जे राहिलं तर बरं, गेलं तर दुखत नाही. चित्रकार बिल वॉटरसन यांना या कापाकापीचा इतका वीट आला की 'कॅल्विन अँड हॉब्ज'साठी १९९२ पासून त्यांनी रविवारचं अर्धं पान अखंड मिळवलं. संपादकांनी कात्री लावायची नाही, चौकटी मी मांडीन तशा. घ्यायची तर अशी घ्या. काही संपादक चिडले, पण त्या रविवारच्या पानांवर चौकटी जशा मोकळ्या पसरतात ते पाहिलं की वॉटरसन यांचा हट्ट बरोबर होता असंच मी म्हणेन.

उलट चार्ल्स शुल्झ यांनी अडचणीतून वाट काढली. २ ऑक्टोबर १९५० ला 'पीनट्स' सुरू झालं ते 'कमी जागेत मावणारी पट्टी' म्हणूनच विकलं गेलं. चार सारख्या मापाच्या चौकटी. आडव्या लावा, उभ्या लावा, दोनावर दोन लावा, काही बिघडत नाही. तेव्हा तो नाइलाज होता. आज मोबाइलवर बघा, लांबलचक पट्टी बोटांनी ताणत, सरकवत वाचावी लागते आणि शुल्झची चार घरं एकाखाली एक अशी ऐटीत बसतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कागद वाचवायला केलेली मांडणी फोनला मानवली.

आमच्याकडच्या वाचकाला पट्टी म्हटलं की 'चिंटू' आठवतो, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू केलेला. आमच्या गटात चिंटूची बाजू शेजारच्या खानावळीतल्या वैनी लढवतात. दुपारच्या ताटांची तयारी वाफेवर टाकून त्या पाच मिनिटं येतात आणि आमच्या वेताळाला नावं ठेवतात. त्यांचा मुद्दा असा की जी गोष्ट आज सुरू होऊन आज संपत नाही, तिला काय अर्थ? त्या बोलतात ते विनोदी पट्टीच्या बाजूने. तिची रचना वेताळाच्या नेमकी उलट असते. पहिल्या चौकटीत साधीसुधी परिस्थिती, दुसऱ्यात क्षणभर थांबा, तिसऱ्यात फिरकी, आणि उद्या पाटी कोरी. काल वाचलं नाही तरी चालतं. या मधल्या चौकटीकडे लक्ष ठेवून बघा, तिच्यात पुष्कळदा काहीच घडत नाही. कुणी नुसतं बघतंय, डोकं खाजवतंय. ती चौकट काढून टाकली तर विनोद समजतो, पण हसू येत नाही. गावातला पट्टीचा गजालीकार शेवटचं वाक्य बोलण्याआधी तंबाखू मळतो, त्यातलाच प्रकार.

आता ज्या विषयावर आमच्याकडे चहाचे सगळ्यात जास्त कप गार झाले, त्याकडे येतो. पात्रांचं वय.

तात्यांचा प्रश्न साधा होता. "हो म्हातारो कित्याक होणा नाय?" वेताळाच्या गोष्टीत याची सोय मुळातच करून ठेवली आहे. पहिला वेताळ १५३६ सालचा. बाप गेला की मुलगा तोच वेश चढवतो, लोकांना वाटतं तोच अमर माणूस फिरतोय. आपण वाचतो तो एकविसावा. इथपर्यंत ठीक. पण हा एकविसावा १९३६ पासून तोच आहे! चारशे वर्षांत वीस वेताळ झाले आणि पुढची नव्वद वर्षं एकट्याने काढली. त्याची डायना पहिल्या गोष्टीपासून आहे आणि त्यांचं लग्न लागलं १९७७ साली. हे ऐकून वैनी म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्सां थांबली ती? तिका कोणी दुसरो गावलो नाय?" १९७९ साली त्यांना जुळं झालं, किट आणि हेलोईज. कॅलेंडर धरलं तर ती दोघं आज पंचेचाळिशी ओलांडलेली असायला हवीत. पट्टीत ती अजून शिकण्याच्या वयाची आहेत.

पट्टीतला काळ तीन तऱ्हांनी चालतो असं मला इतक्या दिवसांच्या वाचनातून दिसलंय. एक, गोठलेला. चिंटू कायम त्याच वयाचा, 'पीनट्स'मधला चार्ली ब्राऊनही. भोवतीचं जग बदलतं, फोन बदलतात, मुलगा बदलत नाही. दुसरा, घड्याळाबरोबर चालणारा. 'गॅसोलीन अ‍ॅली' ही पट्टी १९१८ ची. तिच्यात १४ फेब्रुवारी १९२१ ला एका माणसाच्या दारात तान्हं मूल सापडतं, आणि मग ते वाचकांबरोबर खरंच वाढतं, शाळेत जातं, लग्न करतं, म्हातारं होतं. कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांच्या 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'मध्ये १९७९ पासून एक कुटुंब असंच वर्षावर्षाने मोठं झालं. ज्या बाईने दहा-वीस वर्षं ती पट्टी रोज वाचली, तिला त्या घरातली मुलं स्वतःच्या भाच्यांसारखी वाटली तर नवल नाही. तिसरी तऱ्हा खेचून लांबवलेल्या काळाची. वेताळ त्यातला. मुलं वाढतात, पण आमच्या दहा वर्षांत त्यांचं एखादं. फॉक १९९९ साली गेले, मरेपर्यंत लिहीत होते. पुढे टोनी डीपॉल लिहायला लागले, त्यांनी जुळ्यांना लहानपणातून बाहेर काढलं आणि किटला शिकायला हिमालयातल्या मठात पाठवलं. लेखकाला काळ सैल सोडावासा वाटला की किती सोडायचा, हे तोच ठरवतो.

हे सगळं ऐकून घेतल्यावर तात्यांनी जे काढलं त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. शेजारी आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. वाहिलेल्या चपला फिरून फिरून झिजतात अशी इथली श्रद्धा. तात्या म्हणाले, "आमच्या वेतोबाच्यो चपलो झिजतत. आणि ह्येचे बूट? नव्वद वर्सां रानात फिरता, तळवो पण घासलो नाय?" इंद्रजालने त्याला वेताळ हे नाव दिलं तेव्हा आरवली त्यांच्या डोळ्यांपुढे असेल असं मला वाटत नाही. पण राखणदार, रात्री फिरणारा, लोक ज्याची शपथ घालतात असा. आमच्या पोरसवदा डोक्यांत दोघं केव्हाच एक झाले होते.

वयाचा वाद सुटत नाही, पण तो गोडीगुलाबीने चालतो. चित्रकाराचा वाद मात्र कधी कधी अबोल्यापर्यंत जातो. वेताळ पहिल्यांदा काढला रे मूर यांनी, मग विल्सन मॅकॉय, १९६१ पासून साय बॅरी. इंद्रजालमध्ये आम्ही वाचले ते मुख्यतः मॅकॉय आणि बॅरी. मॅकॉयची रेघ जाड आणि सरळ, माणसं जरा कळसूत्री बाहुल्यांसारखी. बॅरीच्या चित्रांत सावली आहे, स्नायू आहेत, जंगल दाट आहे. गुरुजी मॅकॉयचे, मी बॅरीचा. आता रोजची पट्टी २०१६ पासून माइक मॅनली काढतात आणि तात्यांना त्यांची शाई 'फार' वाटते. हे नक्की काय ते विचारलं तर सांगता येत नाही, पण वाटते.

इथे मला दशावतार आठवतो. संकासुर पिढ्यान्पिढ्या तोच. आतला नट बदलतो, आवाज बदलतो, आणि जत्रेत पहिल्या रांगेत बसलेला म्हातारा दर वर्षी म्हणतो, आमच्या वेळचो संकासुर बघूक होयो होतो. पट्टीचंही तसंच. १ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या बऱ्याच चित्रकारांनी एका दिवसापुरत्या एकमेकांच्या पट्ट्या काढून वाचकांना एप्रिल फूल केलं होतं. भलत्याच हातातली पात्रंही ओळखू येतात, आणि नेमकं काय चुकलंय हे वाचकाला सांगावं लागत नाही. पण कायमचा बदल झाला की लोक इतक्या हसतखेळत घेत नाहीत. 'नॅन्सी' ही जुनी पट्टी २०१८ साली ऑलिव्हिया जेम्स या टोपणनावाच्या बाईंकडे आली आणि तिच्यात मोबाइल, हेडफोन आले. जुने वाचक खवळले, नवे खूश झाले. दोघांचं भांडण बाईंच्या रेघेवर कमी आणि 'नॅन्सी कुणाची' यावरच जास्त होतं.

कुणाची, हा प्रश्न कायद्याचाही आहे आणि तो पट्टीइतकाच जुना आहे. १८९६ साली पिवळ्या डगल्यातल्या पोराचा, 'यलो किड'चा चित्रकार आउटकॉल्ट पुलित्झर यांचा पेपर सोडून हर्स्ट यांच्याकडे गेला. पुलित्झर यांनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घ्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये काही काळ दोन पेपरांत दोन पिवळी पोरं! पुढे 'कात्झेनजामर किड्स'चा चित्रकार डर्क्स हर्स्ट यांना सोडून गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. निकाल असा लागला की नाव हर्स्ट यांच्याकडे राहील आणि पात्रं डर्क्सलाही काढता येतील. त्याने वेगळ्या नावाने तीच पोरं काढली. घर एकाचं, कलमं दुसऱ्याची, आणि वहिवाट दोघांची. ज्यांच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत अशा आम्हा कोकणातल्या माणसांना हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वी पट्टीची मालकी बहुधा सिंडिकेटकडेच असायची, म्हणून चित्रकार गेला तरी पात्र कामाला लागलेलं राही. 'ब्लाँडी' १९३० साली चिक यंग यांनी सुरू केली, नंतर मुलाने हाती घेतली. शुल्झ यांची इच्छा होती की आपल्यामागे नवं 'पीनट्स' कुणी काढू नये. त्यांची शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली. आदल्याच रात्री ते गेले होते. तेव्हापासून वर्तमानपत्रांत येतात त्या जुन्याच पट्ट्या, पुन्हा. वॉटरसन यांनी तर दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९५ ला, लोकप्रियतेच्या ऐन भरात दुकान बंद केलं. खेळण्यांवर, कपांवर आपली पात्रं छापू देण्यालाही त्यांचा ठाम नकार होता.

गुरुजींचं दुःख वेगळंच आहे. ते मँड्रेकचे भक्त. इंटरनेटवर मँड्रेकची पट्टी सापडली तेव्हा त्यांनी मला खाऊन टाकलं. पण तारखा जुळेनात, फोन दिसतात ते डायलवाले. शोधल्यावर कळलं की चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स २०१३ साली निवृत्त झाले आणि मँड्रेकची रोजची पट्टी गोष्ट अर्धवट असतानाच थांबली. दुसऱ्या दिवसापासून जुनी गोष्ट पुन्हा सुरू. गुरुजी दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते त्या अर्धवट गोष्टीचा शेवट वहीत लिहूनच. तात्यांनी वाचला आणि म्हणाले, "ह्या काय खरां नाय." आता त्या शेवटावर भांडण चालू आहे, जो अमेरिकेत कुणीच लिहिलेला नाही.

म्हणून वाद घालण्याआधी तीन गोष्टी तपासायची सवय आम्ही लावून घेतली आहे. पट्टी आजची की पुन्हा छापलेली, रोजची की रविवारची, आणि हात कुणाचा. चौकटीच्या कडेला बारीक अक्षरात सही आणि तारीख असते, ती आधी बघायची. निम्मे वाद तिथेच विरतात. आणखी एक ध्यानात ठेवावं, पट्टी कित्येक आठवडे आधी काढून सिंडिकेटकडे पोचलेली असते, रविवारची रंगीत तर त्याहून आधी. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना पट्ट्यांतली माणसं मजेत हॉटेलात जेवत होती, मिठ्या मारत होती. तेव्हा कित्येकांना चित्रकार बेपर्वा वाटले. त्यांनी ते काढलं तेव्हा तोंडाला पट्टी बांधायची वेळ आलेलीच नव्हती.

पुण्याहून भाचा गणपतीला येतो. त्याला आमचं रोजचं थेंबथेंब वाचणं वेडेपणाचं वाटतं. तो तीन महिन्यांच्या पट्ट्या साठवतो आणि एका संध्याकाळी फडशा पाडतो. मग तक्रार करतो की लेखक तेच तेच सांगतो, गोष्ट रेंगाळते. रेंगाळणारच. रोज एक गोळी घ्यायच्या औषधाची अख्खी बाटली एकदम तोंडात ओतली तर चव कडू लागायचीच. रात्रभर थांबल्यावर ज्या चौकटीने कालचा धागा हातात दिला असता, तीच चौकट त्याला अडथळा वाटते. शिवाय त्याला वाद घालता येत नाही, कारण पुढे काय झालं ते त्याला आधीच ठाऊक. आम्ही चौघं न कळलेल्या गोष्टीवर पैज लावतो, तो निकाल खिशात घेऊन येतो. गणपतीतही त्याला आम्ही वेताळाबद्दल तोंड उघडू देत नाही.

नोव्हेंबरात आणखी एक घोळ होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात आणि आपले साडेदहा होतात. पहिल्या वर्षी तात्या साडेनऊला येऊन कालचीच पट्टी बघत तासभर बसले आणि माझ्या रेंजला शिव्या घालत गेले. आता मार्चपर्यंत ते आधी मासळी बाजार करतात, बांगडे घरी टाकतात आणि मग येतात.

हे लिहितोय तो दिवस शनिवारचा. आज पहिली चौकट कालची होती, तात्या काही बोलले नाहीत. दुसरीत वेताळ जिना चढला. तिसरीत दार किलकिलं झालंय, आतला दिवा दिसतो, माणूस दिसत नाही. गुरुजींच्या मते आत मुलगा. वैनी म्हणतात डायना. तात्यांनी मला उद्याचं पान काढायला सांगितलं. म्हटलं, उद्या रविवार, उद्या दुसरी गोष्ट.

"मगे सोमवारी?"

"सोमवारी पहिल्या चौकटीत परत हेच दार."

तात्यांनी स्टूल मागे सारलं, फळी उचलली, आणि बाहेर पडता पडता म्हणाले, "नऊ वाजताच येतंय."